मागची सीट नसलेली गाडी

सायनपासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत शोधत गेलात, तरी गाडीला मागची सीट आहे एवढ्याच कारणासाठी ती नापसंत करणारा दुसरा माणूस तुम्हाला भेटायचा नाही. त्या जातीचे एकमेव गृहस्थ म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकीची माणसं जुनी गाडी बघायला गेली की इंजिन बघतात, टायर बघतात, पत्रा गंजलाय का ते बोटाने टोकरून बघतात. साडू हे सगळं करायचेच, पण ते नंतर. आधी सरळ गाडीच्या मागे जायचे, आत डोकावायचे आणि तिथे माणूस बसेल अशी वीतभर जागा जरी दिसली तरी मालकाला नमस्कार करून बाहेर पडायचे. असे कितीतरी रविवार मी त्यांच्यामागून नुसता अपराधी चेहरा करून चालत होतो. माझ्याकडे तेव्हा सायकलही नव्हती. गाडीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी ते घाटकोपरला माझ्या दारात हजर व्हायचे आणि म्हणायचे, "चला साडू, एक बघून येऊ."

ते भांडुपच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. तयार होऊन आलेला माल तपासायचा आणि नापास असेल त्यावर खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. हा खडू पँटच्या खिशातच राहायचा आणि माणूस कारखान्याबाहेर पडला तरी खडूची पाळी संपायची नाही. आमच्या कपाटाच्या सैल बिजागरीवर त्यांनी फुली मारली होती. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आलेल्या तीनचाकी सायकलवर मारली, तेव्हा ती दिवसभर रडत होती. एका लग्नात जेवायला बसल्यावर समोरचं टेबल डुगडुगतं म्हणून खाली वाकून त्याच्या पायावर फुली मारली आणि मग शांतपणे वरणभात कालवायला घेतला. यजमान बघतच राहिले. मी त्यांची माफी मागितली. साडूंच्या वतीने माफी मागणं हे माझं बिनपगारी कामच होऊन बसलं होतं. त्यांना स्वतःला कधी कुणाची माफी मागावीशी वाटली नाही. "बिघाड दाखवला, शिवी नाही दिली," असं ते म्हणायचे.

त्यांच्याकडे गाडी नव्हती असं नाही. उलट आमच्या सगळ्या नातेवाइकांत गाडी असलेलं ते एकच घर. त्यांचे वडील मालवणकडून मुंबईला आले आणि जन्मभर टॅक्सी चालवून वारले. परमिट गेलं, गाडी राहिली. साडूंनी ती पांढऱ्या रंगात रंगवून घेतली, पण टपाचा मूळचा पिवळा काही दबायला तयार नव्हता. उन्हाने पांढरा रंग जरा विटला की पिवळा हळूच वर यायचा आणि रस्त्यावरची माणसं हात करायला लागायची. साडूंना वडिलांची गाडी म्हणून असेल, पण हात केलेल्या माणसासमोरून सरळ निघून जाणं जमायचं नाही. ते थांबून समजावून सांगायचे. एकदा घाटकोपर स्टेशनबाहेर ते समजावत असतानाच एक माणूस वळकटी घेऊन मागचं दार उघडून आत बसला आणि म्हणाला, "कुर्ला." पुढच्या सीटवरून साडूंच्या आई म्हणाल्या, "बसांदे रे झिला, वाटेतच आसा." त्याला कुर्ल्याला सोडलं. त्याची वळकटी सबंध वाट ताईच्या मांडीवर होती.

ताई म्हणजे माझी मेहुणी. तीही त्या गाडीत होती, मागे, हे मुद्दाम सांगावं लागतं. कारण त्या घरात गाडीत कोणी कुठे बसायचं हे देवघरातल्या देवांसारखं ठरलेलं होतं. चालवणार साडू. शेजारी आई, कारण मागे बसलं की आईंना मळमळतं. आई नसल्या तर साडूंची आत्या, कारण ती आईंच्या खालोखाल. आत्या नसली तर तळमजल्यावरचे पेन्शनर शेजारी, कारण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की त्यांना कुठेतरी जायचंच असे, आणि त्यांचा गुडघा मागे दुमडत नसे. ताई मागे. पाण्याची बाटली, डबे, दोन मुलं आणि त्यांना उलटी झालीच तर लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे सगळं सांभाळत मागे. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आमच्याकडेही गाडी असती तर माझी बायको मागेच बसली असती आणि माझ्या ते लक्षातही आलं नसतं. हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे, आणि दरवेळी जरा खजील झालो आहे.

साडूंच्या मात्र लक्षात आलं. कसं, ते त्यांनी मला आमच्या घराखालच्या हॉटेलात सांगितलं. एकदा असं झालं की आई गावाला, आत्या तिच्या मुलीकडे, मुलं शाळेत आणि खालचे शेजारी चक्क झोपलेले. दोघांनाच ठाण्याला कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. साडूंनी गाडी काढली. पुढची सीट स्वतः फडक्याने पुसली. ताई जिना उतरून आली, नवी साडी वगैरे नेसून, आणि सवयीने मागचं दार उघडून मागे बसली. साडूंना वाटलं आता येईल लक्षात. नाही आलं. ते पुढे एकटे, ती मागे एकटी, अशी ती दोघं ठाण्याला गेली. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या एका टॅक्सीवाल्याने तर साडूंना विचारलं, "काय शेठ, लांबचं भाडं मिळालं काय?"

"साडू," चहाचा कप तसाच ठेवून ते मला म्हणाले, "लग्न झाल्यापासून बायकोला मी आरशात बघतोय. तेही अर्धीच. आरसा लहान आहे."

मी म्हणालो, "मग मोठा आरसा लावा की."

"लावला. त्यात आत्या पण दिसायला लागली."

मग त्यांनी आपला विचार सांगितला. घरात दुसरी गाडी घ्यायची. जुनी, वापरलेली, परवडेल अशी, पण दोनच माणसांची. त्या परदेशी स्पोर्ट्स कार असतात ना, उघड्या टपाच्या, लांब नाकाच्या, तशी. मागची सीटच नाही म्हटल्यावर बाई बसणार कुठे? शेजारीच. मी विचारलं, हे ताईला सांगितलंत का? तर म्हणाले, "वेडे का? सांगितलं तर ती नको म्हणेल. तिला नको म्हणायची सवय आहे. आधी गाडी दारात आणायची, दार उघडायचं, आणि मग म्हणायचं, बस."

ही गोष्ट माझ्या पोटात ठेवायची होती आणि माझं पोट त्या कामाचं नाही. साडू दोन माणसांची गाडी शोधतायत एवढं फुटलंच, कुणासाठी ते मात्र नाही, आणि मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कल्लोळ उठला. या वयात स्पोर्ट्स गाडी? उघडी? दोन माणसांची? जिन्यात बायका एकमेकींकडे बघून भुवया उडवायच्या. माझ्या बायकोने मला सरळ विचारलं, "अहो, भावजींचं बाहेर काही आहे का? खरं सांगा." मी नाही म्हणालो, पण असा काही घाबरून म्हणालो की तिची खात्रीच पटली. आणि ताई? ताई माझ्यादेखत साडूंना म्हणाली, "हौस आहे तर घ्या की. इतकी वर्षं स्वतःसाठी काय घेतलंत? मी आईंचं बघेन, तुम्ही खुशाल मित्रांना घेऊन फिरून या." त्या दुसऱ्या सीटवर आपण असू हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तेव्हा असल्या गाड्या मुंबईत होत्याच किती. रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिराती चाळायच्या, वाण्याच्या फोनवरून फोन करायचा आणि निघायचं. जायचं मात्र त्या माजी टॅक्सीतूनच. सांताक्रूझला विमानतळाजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी हिरवी गाडी चादरीखाली झाकून ठेवली होती. त्यांनी चादर अशी काही हळुवार काढली की मलाच लाजल्यासारखं झालं. गाडी सुंदर होती. चहा आला, बिस्किटं आली. साडू मागे जाऊन डोकावले. मालक अभिमानाने म्हणाले, "या मॉडेलचं वैशिष्ट्यच ते. मागे दोन छोट्या सीट आहेत. मुलं आरामात बसतात."

"आत्या बसेल का?" साडूंनी विचारलं.

"कोण आत्या?"

"अंगाने बारीक आहे."

"मग बसतील की! आरामात बसतील!"

"चालणार नाही," साडू म्हणाले आणि बंपरवर फुली मारून बाहेर पडले. ते गृहस्थ गाडी चांगली आहे म्हणून नाकारली गेल्यासारखे उभे होते. मी हातातलं अर्धं बिस्कीट परत बशीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन त्यांना सॉरी म्हणून आलो, तर त्यांनी मला गिऱ्हाईक समजून पुन्हा चादर काढली.

अंधेरीला एका शूटिंगच्या गोदामात गुलाबी गाडी मिळाली. मागे सीट नव्हती. साडूंचे डोळे चमकले. पण पुढचं झाकण उचललं तर खाली इंजिनही नव्हतं, जमीन दिसत होती. तिथला माणूस म्हणाला, "यार, ही चालवायची गाडी नाही ना. हिच्यात हिरॉइन बसते, समोरून पंखा लावतात, केस उडतात, झालं काम." साडूंनी फुली मारली नाही. बराच वेळ ते त्या पंख्याकडे बघत उभे होते. परत येताना म्हणाले, "साडू, आमच्या हिला कधी वारा लागलाच नाही हो. मागची काच अर्धीच उघडते आमची."

आणि मग बोरिवली सापडली. पश्चिमेला, नारळाच्या झाडांच्या एका शांत गल्लीत, जुन्या बैठ्या घरात एक म्हातारे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन, गृहस्थ राहत होते. त्यांना सगळे अंकल म्हणायचे. त्यांची गाडी लाल होती, म्हणजे एके काळी लाल असावी, आता पिकलेल्या जांबासारखी फिकट गुलाबी झाली होती. दोन सीट, मागे नुसता पत्रा. साडू तिच्याखाली शिरले, वर आले, झाकण उघडलं, कान लावला, पुन्हा खाली शिरले. अंकल पायरीवर बसून बघत होते. "ती सीट मिसेसची," ते म्हणाले. "ती गेली, तेव्हापासून मी गाडी काढत नाही. बाजूला रिकामं घेऊन कुठे जायचं, बाबा?" साडू खडू हातात घेऊन गाडीभोवती फिरले आणि एकही फुली न मारता उभे राहिले. मग त्यांना पास मालाचं काय करायचं ते आठवेना. शेवटी खडू खिशात ठेवून त्यांनी अंकलचा हात हातात घेतला. व्यवहार ठरला. फक्त एक राहिलं होतं. त्या घरात साधा कुकरसुद्धा आईंनी हात लावून 'बरो आसा' म्हटल्याशिवाय येत नसे. गाडी तर फारच मोठी गोष्ट.

त्यामुळे पुढच्या रविवारी सगळं घर बोरिवलीला आलं. पुढे आई, मागे आत्या, ताई, माझी बायको आणि दोन मुलं, आणि या सगळ्यांच्या वर कुठेतरी मी. आई खाली उतरल्या, पदर खोचला आणि लाल गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"झिला, हिची पाठ खंय गेली?"

"हिला नसतेच, आई."

"नसताच? मगे अर्धेच पैशे दी."

अंकल खो खो हसले आणि म्हणाले, एक राउंड मारून बघा. साडू चालवायला बसले. त्यांनी डावीकडचं दार आतून ढकललं आणि ताईकडे बघितलं. ताई तेव्हा आत्याची चप्पल शोधत होती. आणि अर्थातच त्या दारातून आई आत गेल्या. दुसरं कोण जाणार? नव्या गोष्टीत पहिला मान आईंचा. त्या इतक्या खाली बसल्या की नुसता अंबाडा दिसत होता. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. अंबाडा सुटला होता आणि आई एखाद्या परकरातल्या पोरीसारख्या हसत होत्या. साडूंच्या आईंना असं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "झिला, आणखी एक फेरी मार," त्या म्हणाल्या. दुसरी फेरी झाली. उतरताना त्यांनी निकाल दिला. "बरी आसा. त्या डब्यात माका मळमळता. हयसर वारो कसो बरो लागता! सोमवारी देवळात हेच गाडयेन जावया." मग ताईकडे वळून म्हणाल्या, "तू घरातला बघ गे बाय. आमी दोघां लवकर येतलों."

साडूंचे हात स्टिअरिंगवर होते ते तसेच राहिले. गाडीखाली शिरून शिरून तपासणाऱ्या त्या माणसाने एवढं एकच तपासलं नव्हतं. मागची सीट काढून टाकली तरी आई मागे जात नाहीत. आणि त्या इतक्या खूष होत्या की त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? मी बाजूलाच होतो. मी खाली वाकून आत्याची चप्पल शोधायला लागलो.

त्यानंतर आत्या बसली. मग मुलं. मग माझी बायको, तिने परत येऊन मला हळूच विचारलं, "भावजी रडतायत का हो?" मग अंकलने आग्रह केला म्हणून मीही बसलो, आणि गाडी चालत असताना मला कळलं की आपण नाही म्हणायला हवं होतं. शेवटी राहिली ताई, हातात सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. "राहू दे आता," ती म्हणाली, "उशीर झालाय, मुलांना भूक लागली असेल."

"अगं, बस," साडू म्हणाले.

आईंच्या समोर ते कधी तिच्याशी एवढ्या मोठ्याने बोलत नसत. ताईने पिशव्या माझ्याकडे दिल्या. तिचा हात दाराच्या मागे मागे गेला, पत्र्यावरून फिरला, दुसरं दार सापडलं नाही तेव्हा पुढे आला. ती बसली. गाडी निघाली, चार झाडं ओलांडून परत वळली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

आम्ही धावत गेलो. पेट्रोल संपलं होतं. सगळ्यांच्या फेऱ्यांत ते संपणारच होतं, आणि काटा अर्धी टाकी दाखवत होता. "तो काटा मेलाय," अंकल म्हणाले, "मिसेस होती तेव्हापासून." गाडी ढकलत फाटकापर्यंत आणण्यावाचून इलाज नव्हता. आईंनी लांबून हाक दिली, "उतर गे बाय, धक्को मारूक होयो!" आणि ताई लगेच उठायला लागली. उठायलाच लागणार. जन्मभर तेच केलेलं.

"उतरू नकोस," साडू म्हणाले. "मी स्टिअरिंग धरतो. हा हँडब्रेक बघ, हा तू धरायचास. अजिबात सोडायचा नाही. सोडलास तर वाट लागेल."

हँडब्रेक कुणी धरून बसावा लागत नाही, एवढं मलाही माहीत होतं. ताई मात्र गंभीरपणे दोन्ही हातांनी तो धरून बसली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ती गाडी त्यांनी घेतली नाही. त्यानंतर दुसरीही बघितली नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, पेट्रोलचा काटा बंद होता, नापास केली. अंकलने पुढे ती कुणाला तरी दिली. सोमवारी आई देवळात गेल्या त्या जुन्याच गाडीने, पुढच्या सीटवर, तोंडात आल्याचा तुकडा धरून. हे सगळं असंच होणार हे त्या गल्लीत, त्या बंद गाडीच्या मागे उभं असताना मला कळून चुकलं होतं, आणि समोर बसलेल्या माणसालाही. म्हणजे जी काही सफर व्हायची ती एवढीच होती, त्या झाडापासून फाटकापर्यंत, आणि तीही आमच्या धक्क्यावर.

माझी बायको, मुलं, अंकल आणि मी, सगळे मागे लागलो. "जोर लावा, जोर लावा!" आई फाटकातून ओरडत होत्या. मी आयुष्यात कुठलंही काम टाळलं की मला रात्रभर चुटपूट लागते. पण त्या दिवशी मी बंपरला दोन्ही हातांनी धरलं, टाचा मातीत रोवल्या आणि चेहऱ्यावर जोर दाखवत गाडी मागे ओढायला लागलो. मुलं ढकलत होती, मी ओढत होतो. गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. माझ्यासमोर दोन डोकी होती, एकमेकांच्या शेजारी.

"अहो," ताईचा आवाज आला, "गाडी चालवताना तुम्ही जीभ बाहेर काढता?"

"कोण? मी?"

"आत्ता काढली होती. शाळेतल्या मुलासारखी."

"आई एवढी वर्षं बाजूला बसते, तिने कधी सांगितलं नाही."

"त्या रस्त्याकडे बघत असतील," ताई म्हणाली, आणि हसली.

साडू मान वळवून सरळ तिच्याकडे बघत होते, आणि गाडी वाकडी जाऊन नारळाला लागेल म्हणून अंकल ओरडले तेव्हा कुठे त्यांनी समोर बघितलं.

फाटकाच्या अलीकडे गल्लीला उतार होता. तिथे गाडी धावत सुटणार, माझ्याच्याने धरवणार नाही, आणि झालं, संपलं, असं वाटून मी हात सोडले. गाडी धावली नाही. उतारावरही ती तशीच, दमलेल्या माणसासारखी, इंच इंच उतरत होती, आणि चाकाजवळून बारीक करकर ऐकू येत होती. मला कळेना, आता हिला कोण अडवतंय. मी बाजूने वाकून आत बघितलं. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा वर ओढलेला होता. ताईने तो तसाच घट्ट धरला होता आणि ती समोर बघत होती. एवढ्या वर्षांत मोटारीचे सगळे आवाज ओळखणाऱ्या माणसाला तो करकर आवाज कशाचा हे कळलं नसेल, असं होणं शक्य नाही. साडूंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. वाऱ्याने ताईचे कानामागचे केस थोडे उडत होते, आणि फाटक अजून थोडं लांब होतं.